डेंग्यूनंतर बंद पडलेला वॉक आणि विस्कटलेलं जेवण परत कसं सुरू केलं, सगळं सविस्तर

दीड वर्ष मी रोज सकाळी गोव्यात फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या पठारावर चालायला जायचे, पाऊण तास, चढासकट, आणि मग जुलैत डेंग्यू झाला. ताप सहा दिवसांत गेला पण अंगातला जीव परत यायला दोन महिने लागले, जिना चढताना धाप लागायची, केस गळायला लागले, आणि तेवढ्यात चतुर्थी आली, नेवऱ्या (करंज्या), पातोळ्या, पाहुणे, मग दसरा, मग दिवाळीचे फोव (पोहे), असं करत करत नोव्हेंबर उजाडला तेव्हा बूट दाराआड धूळ खात पडलेले आणि रात्रीचं जेवण साडेदहाला टीव्हीसमोर. हे लिहितेय कारण नोव्हेंबरात मी परत सुरू करताना पहिल्या फटक्यात चूक केली, त्या चुकीमुळे आणखी तीन आठवडे गेले, आणि आजूबाजूला बघते तर जवळजवळ सगळेच तीच चूक करतात.

चूक अशी, की पहिल्याच दिवशी मी जुना पाऊण तास चालले, चढासकट. छाती साथ देत होती म्हणून वाटलं जमलं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की सुटलेला दम काही आठवड्यांत परत यायला लागतो, पण स्नायू आणि त्याहूनही स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे सावकाश तयार होतात, म्हणजे दम म्हणतो चल आणि गुडघा म्हणतो थांब, आणि आपण ऐकतो दमाचं. तेव्हापासून मी एकच गोष्ट सगळ्यांना सांगते: आधी वेळ परत मिळवा, ताकद नंतर. पहिले दोन-तीन आठवडे आपलं काम फक्त एवढंच, की दिवसातला तो ठरलेला वेळ परत आपल्या नावावर करायचा, त्या वेळात किती चाललो याला महत्त्व नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच्याच आधाराने आहे.

सुरू करायच्या आधी: नेमकं का सुटलं ते बघा

सुटलं कशामुळे ते कागदावर एका ओळीत लिहा. आजारपण, दुखापत, घरातलं कोणी आजारी, नोकरीची शिफ्ट बदलली, की मन लागत नव्हतं. प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो म्हणून हे करायचं.

डेंग्यू किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता चाला, असं सांगेपर्यंत व्यायाम नको, आणि त्यानंतरही काही आठवडे थकवा राहतो, तो आळस नव्हे. माझ्या वहिनीचं वेगळं, ती पावसात विहिरीकडच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरली, घोट्याचा लिगामेंट गेला, सहा आठवडे पाय बांधून. प्लास्टर निघालं की पाय बारीक दिसतो तो स्नायू गेल्यामुळे, अशा वेळी फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम पूर्ण करणं हाच व्यायाम, वॉक नंतर. वहिनी मला म्हणाली, "ताई, मला तर घरात चालायचीच भीती वाटते," आणि ही भीती खरी असते, ती पण बरी व्हायला वेळ लागतो, तिला आम्ही आधी घराच्या पडवीत भिंतीला हात लावून फिरवलं.

मन लागत नसेल, आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नीट नाही, भूक नाही, कशातच रस नाही असं चाललं असेल, तर वॉकवर सगळं सोडू नका, डॉक्टरांशी बोला, टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

बीपी, शुगर, हृदय यांपैकी काही असेल तर आधी विचारून घ्या. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण चालणं वाढलं आणि जेवण सुधारलं की शुगर खाली जाऊ शकते, डोस बदलावा लागतो. खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवायचा.

पहिले दोन आठवडे: दहा मिनिटं, सपाट रस्ता, रोज एकच वेळ

दहा मिनिटं म्हणजे दहाच. घरातून पाच मिनिटं जा, वळा, परत या. बरं वाटलं म्हणून पंधरा करू नका, हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. चढ नको. फोंड्यात आमच्याकडे कुठेही गेलं तरी चढ लागतो, म्हणून मी क्रांती मैदानावर फेऱ्या मारायचे. पणजीवाल्यांना मिरामार आणि कांपालचा रस्ता आहे, त्यांचं नशीब चांगलं, पण मिरामारच्या मऊ रेतीत चालू नका सुरुवातीला, घोटा आणि पोटरी दोन्हींवर ताण येतो, पाण्याजवळच्या ओल्या घट्ट रेतीत किंवा फुटपाथवर चाला.

वेळ कुठली घ्यायची? जी रोज होणार ती. पण वेळेपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो एका गोष्टीला दुसरी बांधण्याचा. पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा पोंव-पोंव आवाज आला की पाव घ्यायचे आणि त्याच पावली बूट घालायचे. रोज काही ना काही ठरलेलं घडतच असतं, सकाळचा चहा, मुलांची स्कूलबस, ऑफिसहून उतरतो तो बसस्टॉप, त्यातल्या एकाला वॉक बांधा. स्टॉपवरून घरी न जाता आधी दहा मिनिटं उलट्या दिशेला, एकदा घरात शिरून कपडे बदलले की मग कोणी बाहेर पडत नाही.

सवय लागायला 21 दिवस लागतात असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर एक अभ्यास झाला होता, 2009 साली तो प्रसिद्ध झाला, त्यात मध्य आकडा 66 दिवस आला, कोणाला 18 दिवस लागले तर कोणाला हिशेबाने 250 च्या वर. आणि त्यातलीच मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणून बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यात काही कमी आहे असं समजू नका, अजून दिवस भरलेले नाहीत इतकंच.

वजनकाटा या दोन आठवड्यांत कपाटावर ठेवा. शरीर स्नायूंत साखरेचा जो साठा करतं त्याच्या प्रत्येक ग्रामाबरोबर साधारण तीन ग्राम पाणी धरलं जातं, त्यामुळे सुरुवातीला आकडा एक-दीड किलो इकडेतिकडे होतो आणि त्याचा चरबीशी संबंध नसतो. मोजायचंच असेल तर टेपने पोटाचा घेर मोजा, महिन्यातून एकदा. आपल्याकडच्या लोकांसाठी बायकांना 80 सेंटिमीटर आणि पुरुषांना 90 च्या आत चांगला मानतात.

जेवण: डाएट नको, आधी घरचं ताट परत आणा

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. सुटलं की माणूस घाबरून एकदम सगळं बंद करतो, भात बंद, नारळ बंद, पाव बंद, रात्री फक्त सूप, आणि चार दिवसांनी रात्री अकराला फ्रिज उघडतो. आजारातून उठलेल्या माणसाला तर कमी खाणं सरळ घातक, स्नायू आधीच गेलेले असतात, त्यात उपास केला की आणखी जातात.

पहिल्या आठवड्यात काय खाता ते बदलू नका, कधी खाता ते बदला. नाश्ता, दुपार, रात्र, तीन वेळा ठरवा आणि रात्रीचं जेवण साडेआठ-नवापर्यंत आटपा. एवढ्यानेच मधलं चरणं निम्म्यावर येतं, माझं आलं.

दुसऱ्या आठवड्यापासून प्रोटीन मोजा. बाकी काही मोजू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 0.83 ग्राम लागतं, म्हणजे 60 किलोच्या बाईला साधारण 50 ग्राम. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. आता आपल्या गोव्याच्या ताटात हे कुठून येतं बघा: एका अंड्यात सहा ग्राम, शंभर ग्राम बांगड्यात 19-20, वाटीभर डाळीत सहा-सात, अळसांद्याच्या (चवळीसारखं कडधान्य) तोणाकाच्या, म्हणजे रस्साभाजीच्या, वाटीत आठेक, वाटीभर दह्यात पाच. म्हणजे सकाळी दोन अंडी, दुपारी हुमणात (माशाच्या कालवणात) एक चांगला बांगडा आणि वाटीभर डाळ, रात्री तोणाक आणि दही, झालं की 50. पावडरचे डबे आणायची गरज मला तरी पडली नाही. तारले तर बांगड्याहून स्वस्त आणि तितकेच चांगले. फक्त मासळी रव्यात घोळून तेलात तळण्यापेक्षा आठवड्यात चार वेळा हुमण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेली, एक दिवस तळलेली, असं ठेवलं तर कोणाला काही सोडावं लागत नाही.

1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, मासळी महाग होते आणि मग श्रावण लागतो, म्हणजे दोन-तीन महिने ताटातलं प्रोटीन गुपचूप निघून जातं आणि त्या जागी भात वाढतो. माझा आजार नेमका त्याच काळात आला. तेव्हा हे ठरवूनच ठेवा की पावसात मूग, अळसांदे, चणे, वाटाणे आलटून पालटून रोज एक भिजत पडलेलं असणार. मुगागाठी, उसळ, तोणाक, हे आपल्याकडचे जुनेच पदार्थ, फक्त रसात कडधान्य शोधावं लागू नये इतकं घालायचं.

पेजेबद्दल. आजारपणात पेजेसारखं दुसरं काही नाही, पाणी मिळतं, मीठ मिळतं, पोटाला हलकी, आणि उकडे तांदूळ तुसासकट उकडल्यामुळे बी जीवनसत्त्वं दाण्यात राहतात. पण पेज आणि लोणचं एवढ्यावर महिनाभर राहिलं तर ताकद येत नाही, मी हेच केलं होतं, आईच्या प्रेमाने आणि माझ्या अज्ञानाने. पेजेबरोबर उकडलेलं अंडं किंवा मुगाची उसळ घ्या. सुकी मासळी चवीला चांगली पण तिच्यात मीठ फार, बीपीवाल्यांनी तुकडाभरच.

पाव सोडायचा का? पोई (कोंड्याचा गोल पाव) खा. पण पोदेराला विचारून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी आता पोई मैद्याची आणि वर फक्त कोंडा भुरभुरवलेला असतो, खरी कोंड्याची पोई हाताला जड आणि रंगाला काळपट लागते. सकाळच्या भाजी-पावाला माझा विरोध नाही, दोन पावांच्या जागी एक पोई आणि भाजी दुप्पट सांगा, हॉटेलवाले देतात. वरची मिरची-भजी मात्र रोज नको.

नारळ बंद करू नका, कमी करा. आमच्याकडे चार माणसांच्या हुमणाला अर्धा नारळ लागायचा, आता पाव लागतो, आंबट आणि तिरफळ बरोबर असलं की चव जात नाही. खरा चोर चहात आहे. दिवसात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे 35 ग्रामच्या आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते शक्यतो 25 च्या आत ठेवा, म्हणजे नेवरी खायच्या आधीच कोटा संपला. एकदम बिनसाखरेचा करू नका, दर आठवड्याला पाव चमचा कमी, जीभ महिन्याभरात सरावते.

आणि ताटाचा अर्धा भाग भाजी. तांबडी भाजी, वाल, भेंडी, दुधी, पावसात तायखिळा, अळू. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा कुठल्याही गावच्या बाजारात आठवड्याची भाजी एकदम आणून निवडून, धुवून, पुसून डब्यात ठेवली तर होते, नाहीतर संध्याकाळी सातला थकून आलेली बाई भाजी निवडत बसत नाही, अंडं फोडते. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी भाजी निवडायला बसावं, हे मी आग्रहाने सांगते, कारण मार्गदर्शन सगळ्यांना आणि काम एकटीला असं असलं तर दुसऱ्याच महिन्यात सगळं परत बंद पडतं.

तिसरा ते सहावा आठवडा: मिनिटं वाढवा, ताकदीचे व्यायाम जोडा

आता आठवड्याला तीन ते पाच मिनिटं वाढवा. सहाव्या आठवड्याच्या शेवटी 25 मिनिटांवर आलात तर उत्तम. वेग किती ठेवायचा याला घड्याळ लागत नाही, चालता चालता बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा. बोलतानाच धाप लागत असेल तर हळू.

याच्यासोबत आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, ताकदीसाठी दहा मिनिटं. खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा, आठ वेळा. भिंतीला हात टेकून पुशअप, आठ वेळा. ओट्याला धरून टाचा वर-खाली, दहा वेळा. थोडं थांबून सगळं परत एकदा. चाळिशीच्या पुढच्या बायकांनी हे टाळूच नये, नुसत्या चालण्याने गेलेला स्नायू परत येत नाही.

दुखलं तर? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या दुखतात, ते नेहमीचं, तीन दिवसांत जातं, हलकं चालत राहा. सांध्यात, एकाच बाजूला, टोचल्यासारखं दुखत असेल, सूज असेल, किंवा सकाळी उठल्यावर आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल, तर दोन दिवस थांबा आणि मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर परत या.

आणि हे मात्र थांबून वाट बघायचे विषय नव्हेत: छातीत दाब किंवा दुखणं, बसल्या जागी धाप, डोळ्यापुढे अंधारी, प्लास्टर निघाल्यानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, खूप व्यायाम करून लघवी काळ्या चहासारखी होणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल, गरज पडली तर 108.

पुढे, आणि आपल्या हवेचं काय

सातव्या-आठव्या आठवड्यात रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे 150 मिनिटं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी कमीत कमी एवढं सांगते. चढ मी आठव्या आठवड्यानंतर घेतला, तोसुद्धा आठवड्यातून एकदाच, आणि उतरताना जास्त सांभाळून, कारण गुडघ्याला त्रास उतारावर होतो.

मार्च ते मे सकाळी साडेसातच्या आत परत या, आपली हवा दमट, घाम सुकत नाही, त्यामुळे तापमान दिसतं त्याहून अंगाला उकाडा जास्त. आल्यावर शहाळं, किंवा पाणी आणि थोड्या वेळाने सोलकढी. अंधारात निघत असाल तर फिके कपडे आणि टॉर्च, आपल्या अरुंद रस्त्यांवर गाड्या सुसाट येतात, समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने चाला.

पावसासाठी दुसरी जागा आधीच शोधून ठेवा. जूनमध्ये शोधायला गेलात तर सप्टेंबर येतो. पडवी, देवळाचा सभामंडप, इमारतीखालचं पार्किंग, काहीही. मी घरातल्या घरात पडवीपासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारते, वीस मिनिटं, रेडिओ लावून. आणि अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं की ब्लीचिंग पावडर टाकून घासून घ्या, वहिनीचा घोटा अजून थंडीत दुखतो.

परत सुटलं तर

सुटणार. चतुर्थी येणार, जत्रा येणार, घरात कोणीतरी आजारी पडणार. माझा नियम सोपा आहे. एक दिवस चुकला तर काही करायचं नाही, उद्या नेहमीसारखं. आठवडा चुकला तर मिनिटं एक पायरी खाली. महिना किंवा जास्त, तर जिथे सोडलं त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी. आजारपणाने सुटलं असेल तर सरळ दहा मिनिटांपासून, मधल्या काळात कितीही चांगलं चालत असलात तरी.

सणाला गोड खा. खरंच खा, पाहुण्यांसोबत बसून, ताटात वाढून घेऊन. फक्त उरलेल्या नेवऱ्यांचा डबा तिसऱ्या दिवशी शेजारी, वाड्यावर वाटून टाका, सणाच्या ताटापेक्षा नंतर आठ दिवस चहाबरोबर एक-एक उचलली जाते तीच जास्त होते. सणाच्या दिवसांत वॉक पूर्ण बंद न ठेवता पाच मिनिटं तरी करायची, आरतीच्या आधी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायचं, अंगाला त्याने काय होतं ते सोडा, वेळ आपल्या नावावर राहते.

या वर्षी जत्रेला पाहुणे आले आणि माझे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी पोदेराचा आवाज आला, पाव घेतले, बूट घातले, आणि वीस मिनिटं चालून आले. सासूबाईंनी तोवर अळसांदे कुकरला लावले होते.